शिवकन्येचा कान

आमच्या गावात पहिल्यांदा सांगितलेलं कोणीही ऐकत नाही. यात कोणाला राग यावा असं काही नाही, मीही ऐकत नाही. दूध संस्थेच्या छपरावर भोंगा आहे, माझ्या टेबलाशेजारी माइक आहे, आणि त्या माइकवर बोलायचा मान संस्थेचा शिपाई धोंडीराम याचा आहे. तो काहीही सांगायचं झालं तर दोनदा सांगतो. "समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की" पासून एकदा शेवटपर्यंत जातो, मग "पुन्हा एकदा ऐका" म्हणून तेच परत. पहिल्या वेळी लोक टीव्हीचा आवाज कमी करतात, तोंडातली तंबाखू थुंकून येतात, रडणारं पोर कडेवर घेतात. दुसऱ्या वेळी ऐकतात. धोंडीरामला विचारलं की तो म्हणतो, "पयली हाक असती, दुसरा निरोप."

मी गहिनीनाथ, या संस्थेचा सचिव. दुधाची फॅट काढणं आणि लोकांवर चिडणं ही माझी दोन कामं, पहिलं पगारी आणि दुसरं हौसेचं. दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात फॅट काढायला दूधच उरलं नव्हतं. निम्म्या जनावरांना बाजार दाखवून झाला होता, बोअर नुसती हवा ओकत होते, आणि कडा गावाकडून टँकर आला तरच गाव पाणी प्यायचं. त्यामुळे दुसऱ्या कामाला मला भरपूर वेळ मिळाला. त्यातला बराचसा धोंडीरामच्या पोरीवर, शिवकन्येवर खर्च झाला.

शिवकन्या नर्स. पुण्याला दवाखान्यात नोकरी करता करता तिने जर्मन भाषा उचलली, बी टू नावाच्या पायरीपर्यंत काठावर का होईना पोचली, आणि जर्मनीच्या दवाखान्यात जायची तिची तयारी झाली. तेवढ्यात तिच्या आईला, मालनबाईला, अर्धांगवायूचा झटका आला. पोरगी बॅग घेऊन आली ती परत गेली नाही. काही दिवस तिने आईचे हातपाय चोळले आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, संस्थेची माडी रिकामीच असती ना?"

माडीवर संस्थेची मोडकी कॅन आणि जुन्या निवडणुकीचे बॅनर होते. ते हलवून तिने जर्मनचा क्लास काढला. नर्सिंग केलेल्या नऊ पोरी येऊ लागल्या. कोणी कोरडवाहू शेतकऱ्याची, कोणी ऊसतोड्याची. पुण्याची एक संस्था अशा पोरींना जर्मनीत कामाला लावून देत होती, तिने क्लासला मान्यता दिली. संध्याकाळी माझ्या डोक्यावर नऊ पोरी एका सुरात घसा खरवडल्यासारखं काहीतरी म्हणायच्या. मी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा मला चहा मिळाला.

मग त्या फेब्रुवारीत पुण्याच्या संस्थेने नियम काढला. शिकवणाऱ्याकडे सी वन पाहिजे, म्हणजे वरची पायरी. जूनअखेरपर्यंत दाखवा, नाहीतर पोरींनी पुण्याला येऊन शिकायचं. पुण्याला नऊतली एकही जाणार नव्हती. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांना निघतात. मागे घरी तरणी पोर ठेवायची कोणाकडे, हा आईबापाच्या जिवाला घोर. क्लास आहे, शिवकन्या आहे, म्हणून त्या पोरी थांबलेल्या होत्या. क्लास उठला की दिवाळीच्या आत निम्म्यांची लग्नं लागली असती आणि नवऱ्याच्या जोडीने हातात कोयता आला असता. ऊसतोडीला जोडीच लागते, तिथे नर्सिंगचं सर्टिफिकेट कोण बघतो?

सी वनच्या चार परीक्षा. वाचणं, लिहिणं, बोलणं यात शिवकन्या पहिल्या फटक्यात सुटली. ऐकण्यात नापास. एकच भाग परत देता येतो म्हणून एप्रिलमध्ये परत दिला. साठ लागतात, त्रेपन्न आले. आता जूनच्या सुरुवातीला एक तारीख मिळत होती. त्यानंतरची मुदतीपलीकडे जात होती.

त्रेपन्नचा निकाल आला त्या संध्याकाळी तिने क्लास नेहमीसारखा घेतला. पोरी गेल्यावर मी वर गेलो तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"शब्द येत नाहीत का?" मी विचारलं.

"शब्द सगळे येतात, काका. कागदावर द्या, आत्ता सांगते. कानातून आले की जातात कुठं, तेच कळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात मोबाईल दिला आणि मला ती सांगेल तेव्हा बटण दाबायला बसवलं. मला जर्मनचं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी तिच्या हाताकडे बघत बसलो. एक बाई आणि एक बाप्या तावातावाने बोलत होते. कशावर, असं नंतर विचारलं तर म्हणाली, त्यांच्या गावातला पोहायचा तलाव पाण्याच्या खर्चामुळे बंद करायचा की नाही, यावर भांडताहेत. मी म्हटलं, भांडा बाबांनो, तुमचं बरं आहे.

रेकॉर्डिंग पहिल्यांदा वाजलं तेव्हा शिवकन्येचा पेन हलला नाही. डोळे उघडे, मान सरळ, पण पेन जागच्या जागी. दुसऱ्यांदा लावलं आणि पेन सपासप चालला. उत्तरं ताडून बघितली, सगळी बरोबर. पुढचा भाग एकदाच ऐकायचा होता. परीक्षेत काही भाग दोनदा ऐकवतात, काही एकदाच. तो वाजला, संपला, आणि पेन तसाच. तिने अंदाजाने खुणा केल्या. निम्म्या चुकल्या.

तेवढ्यात भोंगा खरखरला. खाली धोंडीराम बँकेच्या कुठल्याशा शिबिराचं सांगू लागला. मी शिवकन्येकडे बघत होतो. पहिल्या वेळी तिने टेबलावरचे कागद गोळा केले. "पुन्हा एकदा ऐका" झालं आणि तिची मान वर आली.

"पोरी," मी म्हटलं, "तुझा कान जर्मनने न्हाई बिघडवला. तुझ्या बापाने बिघडवला."

तिला आधी हसू आलं. मग ते मावळलं. आपल्याच घरातली खोड आहे हे कळल्यावर माणूस जास्त घाबरतं. परकी असती तर सोडता आली असती.

त्यानंतर तिने दिवसभर प्रत्येक रेकॉर्डिंग एकदाच लावायचं असं ठरवलं. उपयोग शून्य. तिला ठाऊक असायचं की बटण आपल्याच हातात आहे, आणि कानालाही ते ठाऊक असायचं. मे महिना अर्धा सरला, परीक्षा अंगावर आली. ती जेवेना. क्लासमधली आसारामची पोरगी अयोध्या मला येऊन म्हणाली, "काका, म्याडम आमच्याकडं बघतच न्हाईत." मला त्या दिवशी कोणावर चिडावं तेच कळेना.

शेवटी शिवकन्या बापाकडे गेली. मी तिथेच होतो.

"दादा, माळवस्तीच्या टँकरचा निरोप उद्यापासून एकदाच सांगायचा."

माळवस्ती म्हणजे गावाबाहेरची चढावरची वस्ती, धोंडीरामचं घरही तिथलंच. त्या वस्तीला पाण्याची टाकी नाही. टँकर कधी वर शाळेच्या भिंतीपाशी उभा राहायचा, कधी खाली ओढ्याच्या पुलापाशी, रस्ता आणि ड्रायव्हरची मर्जी बघून. दोन्ही जागा दोन टोकांना. ड्रायव्हर फोन करायचा, धोंडीराम माइकवर सांगायचा, आणि ज्याने ऐकलं नाही त्याला पाणी नाही, कारण टँकरला पुढची खेप असायची.

धोंडीरामने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने माइकच विकायला काढलाय. "येडी झालीस का? पान्याचा निरोप हाय त्यो. लोकं बोंबलत बसतील."

"एकदा गेलं की गेलं, असं काहीतरी असल्याबिगर माझा कान जागा व्हत न्हाई. मोबाईलवर काय, परत लावता येतं."

"मग दुसरं काय बी घे. पान्याशी खेळ न्हाई करायचा."

"दुसरं हाय काय आपल्याकडं?" ती म्हणाली. धोंडीराम माइकची वायर उगाच गुंडाळू लागला.

मी मध्ये पडलो आणि सांगितलं की उद्या पंचायत मला विचारेल, हे असलं काही संस्थेच्या माइकवर चालायचं नाही. माझं बोलणं दोघांनीही ऐकलं नाही. मी एकदाच सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी सुंदरबाईच्या ओट्यावर वस्तीच्या बायका जमल्या. सुंदरबाई म्हणजे आसारामची आई, अयोध्येची आजी. वस्तीत तिच्या शब्दाला मान आणि तिच्या जिभेला सगळे भितात. शिवकन्येने उभं राहून सगळं सांगितलं. निरोप एकदाच येईल, ऐकायची जबाबदारी माझी, मी ऐकून घरोघर सांगेन. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने विचारलं, "आन तू चुकलीस तर?"

"तर पानी जाईल," शिवकन्या म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नाही, आणि तो गुणच आहे असं मला त्या वेळी वाटलं नाही.

सुंदरबाईने अयोध्येकडे बघितलं. मग म्हणाली, "आसंना. क्लास गेला तर पोरीच जायच्या हायेत, पानी गेलं तर काय मोठं?"

तिसऱ्या दिवशी माळवस्तीची पाळी आली. ड्रायव्हरचा फोन आला, धोंडीरामने माइक हातात घेतला आणि नुसता उभा राहिला. कपाळाला घाम. मी म्हटलं, "धोंडीबा, बोल, नाहीतर सोड." त्याने एका दमात सांगितलं. माळवस्तीचा टँकर आज पुलापाशी. आणि "पुन्हा एकदा" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटून बटण बंद केलं. पंचवीस वर्षांत भोंगा एवढ्या लवकर कधी गप्प झाला नव्हता.

शिवकन्या तेव्हा आईला उठवून बसवत होती. भोंगा खरखरलेला तिला ऐकू आला. आवाज बापाचा आहे हेही कळलं. बाकी काही आत गेलं नाही. मान वर करून ती दुसऱ्या वेळेची वाट बघत राहिली आणि दुसरी वेळ आली नाही. बाहेर बायका हंडे घेऊन उभ्या. "कुटं म्हनला गं?" गेल्या दोन खेपांना टँकर शाळेपाशी होता. ती म्हणाली, शाळेपाशी.

अख्खी वस्ती चढ चढून शाळेच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. उन्हात, हंडे पालथे घालून त्यांवर बसली. टँकर खाली पुलापाशी उभा राहिला, वाट बघून, हॉर्न वाजवून वाजवून पुढच्या गावाला निघून गेला. हॉर्न वर ऐकू आला तेव्हा पोरं धावली, पण उतार संपेपर्यंत तिथे फक्त ओला रस्ता राहिला होता.

मी गेलो तेव्हा बायका रिकामे हंडे घेऊन सुंदरबाईच्या ओट्यापाशी बसल्या होत्या. धोंडीराम आपल्याच दारात गुन्हेगारासारखा उभा. शिवकन्येने घरातला भरलेला एकुलता एक हंडा उचलला आणि सुंदरबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवला. मग बापाला म्हणाली, "दादा, दोनदाच सांगत जा. माझ्याच्याने न्हाई व्हायचं. पुन्यावाल्यांना मी फोन करते."

मला वाटलं, सुटलो. खरं सांगतो, मला तेच वाटलं. त्या पोरीची कीव आली होती, पण पाण्यापुढे कीव किती टिकते?

सुंदरबाईने हंड्याकडे बघितलं, त्यातलं तांब्याभर पाणी घेतलं, आणि हंडा परत शिवकन्येच्या पायाशी सरकवला. "ह्ये मालनला लागंल. आन कशापायी फोन करतीस? आमचं पानी गेलं ते गेलं. आता ते फुकट घालवू नको. परवा परत पाळी हाय, परवा ऐक."

"परवा बी चुकले तर?"

"तर तवा शिव्या देईन. आज दम न्हाई."

कोणी हसलं नाही. पण बायका हंडे उचलून आपापल्या घरी गेल्या, आणि धोंडीरामला दोनदा सांगायला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या पाळीला शिवकन्या सकाळपासून नुसती दारात उभी होती. तसं उभं राहून कान तयार होत नाही, हे तिलाच कळलं. ऐकू आलं, टँकर मिळाला, पण ती घामाने निथळली होती. त्याच्या पुढच्या पाळीला ती भांडी घासत होती. भोंग्याची पहिली खरखर झाली आणि हातातलं भांडं जिथल्या तिथे थांबलं. वस्तीचंही तसंच झालं. भोंगा खरखरला की माळवस्तीत टीव्ही बंद, गप्पा बंद, पोरं सुद्धा खेळता खेळता उभी. जबाबदारी एकटीची होती, पण पाणी सगळ्यांचं होतं. खालच्या गावात लोक भोंगा ऐकूनही तंबाखू मळत असायचे, तेव्हा माळवस्ती हंडे घेऊन निघालेली असायची. मला हे बघून बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून चिडचिड व्हायची.

माडीवर मी बटण दाबायला बसतच होतो. एका संध्याकाळी ते तलावावर भांडणारे दोघे संपले होते, आता कोणी प्राध्यापक एकटाच बोलत होता. पहिल्याच वेळी पेन हलला. आधी अडखळत, मग नीट. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर दृष्ट लागली असती.

परीक्षेला तिच्याबरोबर मी गेलो, कारण माइक सोडून धोंडीरामला हलता येत नव्हतं. कड्याहून एसटीने नगर, तिथून पुणे, रात्री माझ्या भाच्याकडे मुक्काम. रस्ताभर ती कानात इअरफोन घालून बसली. सकाळी केंद्राच्या दारात मात्र थांबली आणि म्हणाली, "काका, आज माळवस्तीची पाळी हाय. आज कोन ऐकंल?"

"अयोध्या ऐकेल," मी म्हटलं. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, ती आत गेली.

मी फाटकासमोरच्या टपरीवर बसलो. चहा घेतला, तो निवला, दुसरा घेतला. आत माणसं काय बोलत असतील, कशावर भांडत असतील, आणि ते एकदाच बोलून गप्प होणार, एवढंच डोक्यात होतं. त्या इमारतीच्या काचा बंद होत्या. बाहेर बसून ऐकू काहीच येत नव्हतं, तरी मी टपरीवाल्याला रेडिओ बारीक करायला लावला.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"एक प्रश्न पार गेला, काका. मागं कोन तरी खोकललं, आन तेवढ्यात उत्तर निघून गेलं."

"मग?"

"मग काय न्हाई. गेलं ते गेलं. पुढचं ऐकत राहिले." ती बाटलीतलं पाणी प्यायली. "आधीच्या वेळी एक सुटला की मी त्याचीच वाट बघत बसायचे. त्या नादात पुढचे तीन जायचे."

मोबाईल चालू करून तिने अयोध्येला फोन लावला. टँकर शाळेपाशी आला होता, सगळ्यांना मिळालं होतं. तेव्हा कुठे तिने मला जेवायला चला म्हटलं.

निकालाला दोन आठवडे गेले. जून अर्ध्यावर आला तरी आभाळ कोरडंच होतं, टँकर चालूच. पुण्याच्या संस्थेने मुदतीची आठवण करून दिली. धोंडीराम माझ्याशी वाकडा वागू लागला, जसा निकाल मीच दाबून ठेवला होता. मीही त्याला सोडलं नाही. एके दिवशी तो वैतागून म्हणाला, "गप बस बे, लई झालं."

निकाल आला त्या दिवशी माळवस्तीचीच पाळी होती. ड्रायव्हरचा फोन येऊन गेला होता, धोंडीराम माइक पुसत होता. शिवकन्या माडीवरून मोबाईल घेऊन खाली आली. निकालाचं पान उघडेना, गोल चक्र फिरत राहिलं, रेंज गेली, आली, परत फिरलं. ती बघत नव्हती. मोबाईल माझ्यासमोर टेबलावर ठेवून खिडकीकडे तोंड करून उभी होती.

मी चष्मा पुसला, परत घातला. बासष्ट.

"बासष्ट," मी म्हटलं. मी एकदाच म्हटलं आणि तिला एकदाच ऐकू आलं. ती खिडकीचा गज धरून खाली बसली आणि रडू लागली. मी दोन ठिकाणी तोंड लपवायला जागा शोधली, मिळाली नाही, मग मीही रडलो.

धोंडीरामने माइकचं बटण दाबलं. भोंगा खरखरला.

"माळवस्तीचा टँकर आज पुलापाशी," तो म्हणाला. मग थांबला. "आन समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की आपली शिवकन्या जर्मनच्या ऐकन्यात पास झाली. क्लास हितंच ऱ्हानार. पोरी कुटं बी जानार न्हाईत, जातील तवा इमानात बसून जातील."

खालच्या गावासाठी हे दोनदा सांगायला हवं होतं. त्याने "पुन्हा एकदा" म्हटलं, आणि पुढे आवाज निघेना. माइक तोंडाशी, बटण चालू, आणि छपरावर नुसता भोंग्याचा श्वास चाललेला. मी माइक घ्यायला हात पुढे केला, त्याने दिला नाही.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावरून हंड्यांचा आवाज आला. माळवस्ती पुलाकडे निघाली होती, सगळ्यांत पुढे सुंदरबाई. ती संस्थेच्या दारासमोर उभी राहिली आणि आत बघून ओरडली, "धोंड्या, आलं ऐकू! बंद कर ते. टँकर चाललाय."

धोंडीरामने बटण बंद केलं. शिवकन्या उठली, पदराने तोंड पुसलं, आणि कोपऱ्यात आणून ठेवलेला आपला हंडा घेऊन त्यांच्या मागे पुलाकडे गेली.